गाडी येईपर्यंत गावाने काय करायचे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. गणपती विसर्जन उरकून गावं झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि किल्लारीच्या आसपासची लातूर-उस्मानाबादची गावं माळवदाखाली गेली. ५२ गावं उद्ध्वस्त झाली, साडेसात हजारांवर माणसं दगावली. लष्कर आले, डॉक्टरांची पथके आली, परदेशातूनही मदत आली. पण ती मागाहून. आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूर, होळी, राजेगावसारख्या गावांत पहिला दगड बाजूला केला तो वाचलेल्या शेजाऱ्यानेच. मणक्याला मार लागलेला माणूस हातापायाला धरून उचलला तर जन्माचा अधू होऊ शकतो, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. दोष त्याचा नाहीच.

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनिशी १०८ ची सेवा सुरू झाली, गाडीत डॉक्टर आला. १०८ ने पुष्कळ जीव वाचवले हे मान्य करायलाच हवे. पण गाडी उभी असते तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाला, आणि माणूस पडतो वाडीवर, शेतात, बालाघाटाच्या एखाद्या वळणावर. मोठी रक्तवाहिनी तुटली की काही मिनिटांचाच खेळ असतो. हृदय बंद पडले तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात कोणत्याही सरकारची गाडी वाडीवर पोचणार नाही, रस्ता कितीही गुळगुळीत करा. तेव्हा प्रश्न गाड्यांच्या संख्येइतकाच मधल्या वेळेचा आहे.

या मधल्या वेळेत आपल्याकडे काय चालते? खरिपात सोयाबीनमध्ये घोणस चावते, रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला मण्यार. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूज येत नाही. पापण्या जड व्हायला लागल्या की घरच्यांना वाटतं, झोप आली असंल. कुणी दोरी करकचून आवळतो, कुणी ब्लेडने कापतो, कुणी मांत्रिकाकडे नेतो. करायचे ते अगदी साधे आहे : माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवायचा आणि तडक जिथे प्रतिविष लस आहे तिथे न्यायचे. ‘जिथे लस आहे तिथे’ हे महत्त्वाचे. जवळचा दवाखाना आणि लस असलेला दवाखाना हे दरवेळी एकच नसतात, आणि ते रात्री एक वाजता शोधत बसायचे नसते. कीटकनाशक प्यालेल्याला मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे हाही असाच घातक प्रकार. ते फुप्फुसात गेले की होते नव्हते ते संपते.

गावातल्या साध्या माणसाला हे शिकवता येते का? यावर शहाणी माणसे नाक मुरडतात. त्यांनी फार लांब जायला नको. भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. आपल्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांतून ‘भारतवैद्य’ घडवल्या. डॉक्टर जे गावात येऊन करत नव्हते ते त्यांनी केले. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. मोडलेले हाड आणि फुटलेले डोके तिथल्या लोकांना नवे नाही.

रस्त्यावरच्या अपघातात अडचण वेगळी. माणूस तडफडतोय आणि भोवती वीस जण उभे. हात लावायला कुणी धजत नाही, ‘पोलीस मागं लागतील’ म्हणून. ही भीती पूर्वी खोटी नव्हती. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. हे कलम धाब्यावर, टपरीवर, पंक्चरच्या दुकानात ठाऊक हवे, कारण अपघाताजवळ सगळ्यात आधी तीच माणसे पोचतात.

आता दुसरी बाजू. ‘स्वयंसेवक’ हा शब्द सरकारला फार आवडतो, कारण त्याला पगार द्यावा लागत नाही. आशांचेच बघा. २००५ नंतर गावाचे निम्मे आरोग्य त्यांच्या पाठीवर टाकले, कागदावर मात्र त्या स्वयंसेविकाच. मोबदल्यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. प्रथमोपचाराचे कामही त्यांच्याच गळ्यात घातले तर तो अन्याय होईल, आणि काम होणारही नाही. शिवाय रात्री दोनला बाईमाणसाने एकटीने कुठे जायचे? हे काम जीपवाल्याचे, दूध संकलनवाल्याचे, वायरमनचे, तालमीतल्या पोरांचे आहे. गावात पाच-सहा जण शिकले आणि वर्षातून एकदा पुन्हा तपासले तरी पुरे. शिकवणारे वैद्यकीय महाविद्यालयात आहेत, ग्रामीण रुग्णालयात आहेत. पण साहित्य आणि डिझेल कुणाच्या खिशातून, हे आधी ठरले पाहिजे. जीपवाल्याने दोनदा पदरचे डिझेल जाळले की तिसऱ्यांदा तो फोन उचलत नाही, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

ग्रामसभेत हा विषय निघतच नाही. रस्ता, गटार आणि घरकुलातच सभा संपते. निघाला तर पहिले काम बिनखर्चाचे आहे. परंड्याच्या माणसाला धाराशिवपेक्षा बार्शी जवळ पडते, उमरग्याचा रुग्ण सोलापूरला किंवा लातूरला जातो. आपल्या गावातून सापाच्या लसीला कुठे, डोक्याच्या माराला कुठे, अडलेल्या बाळंतिणीला कुठे जायचे आणि रात्री कुणाची गाडी निघेल, एवढे पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवायचे, फोन नंबरासकट.