नल म्हणजे शून्य नव्हे

ऑफिसात ऑनसाइटची चर्चा निघाली की हल्ली पगारानंतरचा दुसरा प्रश्न हवेचा असतो. मागच्या आठवड्यात एकाने सिंगापूर आणि मॉरिशसचा तक्ता फिरवला. आयक्यूएअरच्या २०२३ च्या अहवालात पीएम २.५ ची वार्षिक सरासरी सिंगापूरला घनमीटरमागे साधारण १३ मायक्रोग्रॅम, मॉरिशसला ३.५, आणि आपल्या भारताला ५४. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ची. मॉरिशस जिंकलं, टाळ्या! आणि मग नेहमीचं वाक्य माझ्याकडे आलं, "तुझं बरंय राव, कोडोलीला गेलास की शुद्ध हवा!"

मंडळी, या वाक्याची मला मनस्वी चीड आहे.

आधी त्या बेटांबद्दल. जून २०१३ मध्ये सुमात्रातल्या आगींच्या धुराने सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता. वर्षाच्या सरासरीत ती दुपार दिसते का? मॉरिशस तर उसाचंच बेट, आपली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात तिथे गेली ती उसाच्या मळ्यांत राबायला. तोडणीआधी ऊस पेटवायची पद्धत तिथेही आहे. पेटलेल्या फडाशेजारी उभा असलेला मजूर ३.५ घेतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने सरासरी हा धडा पुन्हा वाचावा. देशाचा आकडा हवेचा असतो, माणूस किती घेतो ते तो कुठे आणि किती वेळ उभा आहे त्यावर ठरतं.

आता कोडोली. पन्हाळा तालुका, शेजारी वारणानगर, चहूकडे ऊस. हंगाम सुरू झाला की तोडलेल्या फडातलं पाचट पेटतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात दिवसभर चिपाडं सारली जातात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपण अभिमानाने फोटो टाकले, पण चुलवाणापाशी बसलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा हिशेब कुणी मांडला? त्यात थंडी. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. आपण त्याला कौतुकाने धुकं म्हणतो!

घरातलं तर विचारूच नका. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, सिलिंडर आले, चांगलंच झालं. पण अंघोळीचं पाणी अजून बंबात नाहीतर परड्यातल्या चुलीवर तापतं, कारण गॅस त्यासाठी "परवडत नाही". कर्क स्मिथ नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकातच गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला होता. लाकूड-शेणीच्या चुलीपुढे सूक्ष्म कणांचा आकडा शेकड्यांत जातो. आपली भारतीय मर्यादा दिवसाला ६० आहे. चाळीस वर्षं झाली, आणि आपण अजून "गावची हवा" म्हणतोय.

मोबाईलवरच्या अ‍ॅपात कोडोली टाकलं तर आकडा येतो, तोही छान रंगीत. तो उपग्रह आणि मॉडेल वापरून काढलेला अंदाज. कोल्हापूरची जुनी सरकारी मोजणी केंद्रं शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट, महाद्वार रोड अशी शहरात. डेटाबेसमध्ये नलच्या जागी शून्य भरणाऱ्या ज्युनियरला आपण कोड रिव्ह्यूमध्ये फाडून खातो. इथे अख्ख्या तालुक्याच्या बाबतीत तेच चाललंय आणि आपण ते लाईक करतो.

सरकारचंही तेच. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्याच्या यादीत कोल्हापूर आहे, कोडोलीचा प्रश्नच नाही, कारण यादीच शहरांची. वर प्रगती मोजतात पीएम १० वर. म्हणजे रस्त्यावर पाणी मारलं, धूळ बसली, गुण मिळाले. चिपाडांचा आणि चुलीचा धूर बहुतांशी २.५ च्या आतला, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक. तो पाण्याला दाद देत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो.

कोडोलीची हवा पुण्यापेक्षा वाईट आहे, असं मी म्हणत नाहीये (कमेंटमध्ये हिंजवडीचा ट्रॅफिक काढू नका). माझं म्हणणं एवढंच की मोजल्याशिवाय "शुद्ध" हे सर्टिफिकेट देऊ नका. सणाला गावी जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर मुळीच नको. आपण दोन दिवस राहून परत येतो. मोजायचंच असेल तर एक सेन्सर एसटी स्टँडवर, एक शाळेत, एक गुऱ्हाळापाशी आणि एक कुणाच्या तरी चुलीशेजारी लावा, पूर्ण गळीत हंगामभर. नंतर खुशाल तक्ते फिरवा.