शनिवारचे खेळाडू, सोमवारचे कामगार

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात थेटफर्ड माइन्स नावाचे एक खाणगाव आहे. 1876 साली तेथे अ‍ॅस्बेस्टॉस सापडला आणि त्यापुढे शतकाहून अधिक काळ या गावाने जगाला ते खनिज पुरविले. 2011 साली खाणकाम थांबले. गावाभोवती खाणकचऱ्याचे करडे डोंगर तेवढे उरले. हिवाळ्यात आठवड्याच्या अखेरीस याच गावातील क्रीडागृहात बर्फावरील हॉकीचे सामने रंगतात. गावच्या संघाला प्रोलॅब, मग आयसोथर्मिक आणि त्यानंतर आस्युरांसिया अशी नावे मिळाली. ही सारी पुरस्कर्त्या कंपन्यांची नावे होत. पुरस्कर्ता बदलला की संघाचे नावही बदलते. गाव मात्र तेच राहते आणि बर्फावर उतरणारी श्रमिकांची मुलेही तीच राहतात.

ज्या लीगमध्ये हा संघ खेळतो ती 1996 साली क्वेबेकची अर्धव्यावसायिक लीग म्हणून सुरू झाली. 2004 साली तिने ‘नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग’ असे भारदस्त नाव धारण केले. नाव खंडाचे असले तरी बहुतेक सारे संघ क्वेबेकच्या गावांतलेच आहेत. ‘अर्धव्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. खेळाडूला सामन्यागणिक काही मोबदला मिळतो, परंतु त्यावर संसार चालत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार तो दुसरीकडे राबतो आणि आठवड्याच्या अखेरीस बर्फावर उतरतो. तिकिटाचे पैसे देणारा प्रेक्षक, फलकावर नाव झळकविणारा पुरस्कर्ता आणि संघाचा मालक या तिघांच्या दृष्टीने हा पुरता व्यवसाय आहे. ‘अर्धा’ आहे तो केवळ खेळाडू!

या लीगची ख्याती कौशल्यापेक्षा मारामारीसाठी अधिक आहे. हातमोजे फेकून दोन खेळाडूंनी एकमेकांच्या तोंडावर ठोसे हाणावयाचे आणि प्रेक्षागृहाने उभे राहून आरोळ्या ठोकावयाच्या, हे तेथील तिकीटविक्रीचे हुकमी साधन ठरले आहे. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीच्या परंपरेत अशा मारामारीची शिक्षा पाच मिनिटे बाहेर बसण्याची असते. त्यानंतर तोच खेळाडू पुन्हा बर्फावर येतो. नियमाने जे निषिद्ध म्हणावयाचे तेच व्यवहारात विकावयाचे, असा हा दुटप्पीपणा आहे.

डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूला जडणारा रोग आता वैद्यकशास्त्राला चांगलाच परिचित आहे. त्याचे खात्रीचे निदान मात्र मृत्यूनंतरच होते. 2011 साली राष्ट्रीय हॉकी लीगमधील मारामारीसाठी प्रसिद्ध असलेला डेरेक बूगार्ड अवघ्या 28 व्या वर्षी वेदनाशामके आणि मद्य यांच्या अतिसेवनाने मरण पावला. त्याच्या मेंदूत हा रोग आढळला. तरीही 2016 साली त्या लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी अमेरिकन सिनेटर रिचर्ड ब्लूमेन्थल यांना पत्र लिहून आघात आणि रोग यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, अशीच भूमिका घेतली. 2018 साली माजी खेळाडूंशी सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलरची तडजोड झाली, पण जबाबदारी मान्य न करता!

क्वेबेकच्या खाणकामगारांना ही भाषा नवी नाही. 1949 साली अ‍ॅस्बेस्टॉस आणि थेटफर्ड माइन्स येथील सुमारे 5000 कामगारांनी चार महिन्यांहून अधिक काळ संप केला. वेतनवाढीबरोबरच धुळीचे निर्मूलन ही त्यांची मागणी होती. पंतप्रधान द्युप्लेसी यांच्या प्रांतिक सरकारने त्यांच्यावर पोलीस घातले. त्याच वर्षी जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने 708 कामगारांच्या तपासणीचा अहवाल दिला. ज्यांचा रोग प्राथमिक अवस्थेत आहे आणि जे अद्याप काम करू शकतात त्यांना तो कळवू नये, असा सल्ला त्यात होता. बापाच्या फुप्फुसाबाबत जे घडले तेच मुलाच्या मेंदूबाबत घडू द्यावयाचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

खेळाडू स्वेच्छेने येतात, असे यावर सांगितले जाते. खाणीतही कामगार स्वेच्छेनेच उतरत होते. ज्याला दुसरा मार्ग नाही आणि ज्याच्यापासून धोक्याची माहिती दडविली जाते त्याच्या स्वेच्छेचे मोल ते काय? गावकऱ्यांना हीच करमणूक हवी असते, हा दुसरा युक्तिवाद. खाण गेलेल्या गावाला एकत्र जमण्याचे ठिकाण हवे हे खरे, आणि शहरातील सुखवस्तूंनी त्याला नाके मुरडू नयेत. परंतु गावाचे प्रेम खेळावर आहे. ठोसे काढून टाकले तर ते आटेल हे गृहीत धरणे हा त्या गावकऱ्यांचाच अवमान आहे.

सुधारणा अशक्य नाही. क्वेबेकच्या 16 ते 20 वर्षांच्या मुलांच्या कनिष्ठ लीगने 2023 साली मारामारीवर बंदी घातली आणि मारामारी करणाऱ्यास सामन्यातून बाहेर काढण्याचा नियम केला. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत ज्या मेंदूचे रक्षण करावयाचे, तोच एकविसाव्या वर्षी बाजारात मांडावयाचा! क्वेबेकचा 1985 चा औद्योगिक अपघात व व्यावसायिक रोगांविषयीचा कायदा, ज्याचे मुख्य उत्पन्न खेळातून येते त्याला ‘कामगार’च मानत नाही. ही पळवाट बुजली पाहिजे आणि अर्धव्यावसायिकाच्या हक्काबाबत कोठेही संदिग्धता राहता कामा नये.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. पण क्वेबेकचा अ‍ॅस्बेस्टॉस भारतातही येत होता आणि त्याच जातीचे सिमेंटचे पत्रे आपल्या वस्त्यांवर आजही आहेत. कॅनडाने 2018 साली त्यावर बंदी घातली. भारतात आयात मालावर पत्र्यांचे उत्पादन चालूच आहे. मात्र 1995 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एक मोलाचा दंडक घातला. अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर मालकाने जपली पाहिजे. रोग उशिरा प्रकट होतो म्हणून पुरावा लांबवर जपावयाचा, हे त्यामागचे तत्त्व होय. बर्फावरच्या खेळाडूलाही हेच हवे: डोक्याला झालेल्या प्रत्येक दुखापतीची नोंद, मालकाच्या दाबाखाली नसलेला डॉक्टर आणि नुकसानभरपाईचा हक्क. त्याचा खर्च ज्यांची नावे संघाच्या छातीवर मिरवतात त्यांनी उचलावा.

हे कोणी आपण होऊन देणार नाही. 1949 साली धुळीविरुद्ध संघटना उभी राहिली तेव्हाच धुळीची चर्चा झाली. शनिवारच्या खेळाडूने सोमवारचा आपला कामगारधर्म बर्फावरही विसरू नये.