काटा कोणाच्या हातात?

खुडलेले चहाचे पान थांबत नाही. काही तासांत कारखान्यात पोहोचले नाही, तर ते तापते, काळवंडते, मातीमोल होते. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या लहान चहा उत्पादकाची सारी अगतिकता यातून येते. देशातला निम्म्याहून अधिक चहा आज त्याच्या पानापासून होतो. पण बहुतेकांचा स्वतःचा कारखाना नाही. १ किलो चहासाठी साधारण ४.५ किलो पान लागते. ते विकत घेणारे कारखाने जवळपास मोजकेच, त्यातही मधे दलाल. पान ओले आहे म्हणून काट्यावर वजन कापले, तरी ते परत नेऊन ठेवणार कुठे? पुढे पुडीबंद चहाच्या बाजारात हिंदुस्थान युनिलिव्हर आणि टाटा कन्झ्युमर यांचा वरचष्मा आहे. विकणारे लाखो आणि घेणारे थोडे असले, की भाव घेणाराच ठरवतो.

महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत, म्हणून हा प्रश्न परका ठरत नाही. मुंबईतल्या कॉटन ग्रीनला तो चांगला ठाऊक आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या छत्राखाली इथल्या कॉटन एक्स्चेंजमध्ये रुईचे मोठमोठे सौदे झाले. पण १०० किलो कापसातून जेमतेम ३४ किलो रुई निघते आणि ती काढणारे जिनिंगवाले त्या काळी वऱ्हाड-खानदेशात आपसात ‘पूल’ करत. सरकी काढण्याचे दर एकत्र ठरत. काही कारखाने बंद राहूनही नफ्यात वाटेकरी असत. चढाओढच उरली नाही, की दारात गाडी लावून उभ्या शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

त्यावर उतारा म्हणून राज्याने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. हमीचा आधार मिळाला, हे खरे. पण चुकारे रखडले, आणि शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमा ओलांडू लागला. अनेक व्यापाऱ्यांच्या जागी एकच खरेदीदार आला. शेतकऱ्याला मात्र पर्याय उरला नाही. मक्तेदारी खासगी असो वा सरकारी, पर्याय नसलेला विक्रेता तिच्यापुढे हतबलच असतो.

चहाच्या बाबतीत ही चूक पुन्हा होता कामा नये. पानाचा भाव तयार चहाच्या विक्रीभावाशी जोडण्याचे सूत्र चहा मंडळाकडे आहे. ते काटेकोरपणे पाळले जावे. प्रत्येक कारखान्याने रोजचा खरेदीभाव आणि वजनकपातीचे कारण फलकावर लिहावे, चुकारे ठरल्या मुदतीत द्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्पादक गटांना छोटे कारखाने उभारण्यासाठी स्वस्त कर्ज मिळावे. साखरेत महाराष्ट्राने सहकारी कारखाने उभे केले, तेव्हाच ऊस उत्पादकाला प्रक्रियेत वाटा मिळाला. पुढे त्या सहकारात शिरलेले दोष टाळूनही तो मार्ग घेता येईल.

पान थांबत नाही, हा निसर्गनियम आहे. त्या घाईचा फायदा उठवणे हा मात्र माणसाचा व्यवहार आहे, आणि तो बदलणे सरकारच्या हातात आहे.