हौद वेगळे, हौस एकच

ब्रिटनमधल्या कोई मासे (शोभेचे रंगीत कार्प) पाळणाऱ्यांच्या क्लबांत वर्षभर चालते ते मुख्यतः पाण्याचे काम: अमोनिया-नायट्राइट मोजणे, फिल्टरची तुलना करणे, एकमेकांची तळी पाहणे. प्रदर्शन हा मिरवण्याचा दिवस. तिथे जपानी पद्धतीने अनेक मालकांचे मासे एकाच हौदात सोडावेत की इंग्रजी पद्धतीने प्रत्येकाला निराळा हौद द्यावा, हा जुना वाद आहे. माझा कौल निराळ्या हौदाला, कारण एका हौदातल्या पाण्यातून रोग एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो. कोई हर्पिस विषाणूने २००३ मध्ये जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातले कार्प मासे मोठ्या संख्येने मारले. त्यावर औषध नाही आणि त्यातून वाचलेला, धडधाकट दिसणारा मासाही विषाणू बाळगू शकतो.

दोन कोहाकूंच्या, म्हणजे पांढऱ्यावर लाल नक्षी असलेल्या कोईंच्या, अंगावरचा लाल रंग शेजारी-शेजारी पोहतानाच नीट ताडता येतो, हा जपानी पद्धतीच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. हौद आणि पाणीही कमी लागते. पण इथे परीक्षकाची सोय एका पारड्यात आणि कुणाचे तरी अख्खे तळे दुसऱ्यात आहे. मासे आधी विलग ठेवले की पुरे, असेही म्हटले जाते. गार पाण्यात हा आजार दबून राहतो, त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही. अर्थात हौद वेगळे आणि जाळी मात्र सामाईक, असा कारभार असेल तर ती इंग्रजी पद्धतही नावापुरतीच.