नदी आधी, की नदीकाठ?

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाचा परिसर घाट, फरसबंदी आणि दिवे यांनी सजविण्याची योजना निघाल्यापासून, आपल्या गावासही एक रम्य नदीकाठ लाभणार, ह्या आनंदात अनेक सुज्ञ मंडळी आहेत. त्या आनंदावर विरजण घालण्याचे अप्रिय काम आम्हांस करावे लागत आहे. घाटाशी आमचे वैर नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ज्या वालधुनीच्या काठी हा घाट शोभावयाचा, ती नदी कोठे आहे?

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख अंगावर वागविणारे हे देवालय शिलाहारांनी ह्या काठी उगीच बांधले नाही. मंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे आणि शेजारच्या प्रवाहाचे पाणी पिंडीवर घालावे, अशी त्या स्थळाची सहज रीत होती. आज ते पाणी देवाच्या मस्तकी घालण्याचे धाडस कोणता भाविक करील? देऊळ राहिले, देव राहिला. अभिषेकाचे पाणी मात्र गेले.

आणि हे पाणी मुळातच वाईट म्हणावे, तर तसेही नाही. वरच्या अंगास काकोळ्याजवळ जी. आय. पी. रेल्वेने इंग्रजी अमदानीत बांधलेला तलाव आहे. त्याचे पाणी शुद्ध करून, बाटल्यांत भरून, रेल्वे आजही प्रवाशांस विकते. तेथून काही कोसांत हीच नदी रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी आणि वस्त्यांचा मैला पोटात घेऊन काळी पडते. उल्हासनगरात २०१४ सालच्या नोव्हेंबरात तिच्या पात्रात रसायन सोडण्यात आले, तेव्हा काठावरील शेकडो रहिवाशांस श्वास घेणे कठीण झाले. फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीस १९४९ साली उल्हास नदीवरून नाव मिळाले. परंतु त्या नगरातून रोज वाहते ती वालधुनी, आणि तिचे नाव आता लोक नाक धरूनच घेतात.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर आम्ही ऐकून आहो. लोक काठावर फिरावयास येऊ लागले, की त्यांस घाणीची लाज वाटेल व नदी आपोआप स्वच्छ होईल, असे ते म्हणतात. महाशिवरात्रीस ह्याच देवळाशी प्रतिवर्षी लाखो लोक येतात. त्यांच्या डोळ्यांस ही नदी दिसत नव्हती काय? लाजेने नदी धुतली जात असती, तर ती केव्हाच निर्मळ झाली असती.

लंडनच्या टेम्सकाठचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. ते अवश्य द्यावे, पण पुरते द्यावे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे सभासदही हैराण झाले. त्यानंतर बॅझलजेट ह्या स्थापत्यविशारदाने मैला अडवून नेणारी भुयारी गटारे बांधली. १८७० साली खुला झालेला प्रसिद्ध व्हिक्टोरिया बांध त्यांपैकीच एका गटाराला पोटात घेऊन उभा आहे. मैला शुद्ध न करता शहराच्या खालच्या अंगास सोडला, हा त्या योजनेचा दोष खरा. तथापि गटार आणि विहारस्थळ ही तेथे एकाच कामाची दोन अंगे होती. आमच्याकडे दुसरेच तेवढे उचलण्याचा मोह होत आहे.

बदलापुराने तर ह्या प्रकरणी अधिकच सावध असावे. तेथील उल्हासच्या बंधाऱ्याचे पाणी लोक पितात. २००५ व २०१९ च्या जुलै महिन्यांत आपला काठ कोठपर्यंत आहे, हे त्या नदीने स्वतःच दाखवून दिले. २०१९ मध्ये तर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. पूररेषेच्या आत बांधकाम करून जो विहारमार्ग निघेल, तो पावसाळ्यात नदी परत मागेल.

सबब आमची मागणी साधी आहे. वालधुनीत उतरणारा प्रत्येक नाला आधी अडवावा, आणि त्यातील पाणी शुद्ध झाल्याखेरीज पात्रात सोडू नये. दर महिन्याची पाण्याची तपासणी देवळाच्या दारी फळ्यावर लिहावी, म्हणजे कारखानदार, नगरपालिका आणि भाविक ह्या तिघांसही ती वाचता येईल. ज्या दिवशी त्या फळ्यावरील आकडे पाहून पुजारी नदीत कळशी बुडवील, त्या दिवशी घाटाचे उद्घाटन खुशाल करावे. त्या समारंभास आम्ही विनानिमंत्रण येऊ.