सहल जवळच न्यावी

पक्षी पाहायची सहल यंदा कुठे न्यायची, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. बरेच जण म्हणतात, भिगवण. माझं मत कवडीपाटाला आहे. का, ते सांगतो.

भिगवण चांगलं आहे, यात वाद नाही. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, ते नावेतून बघता येतात. पण भिगवण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. बसचं भाडं, नावेचे पैसे, खाणंपिणं. वर्गणी वाढली की चार-पाच मुलं ‘बरं नाही’ म्हणून घरी राहतात. ती आजारी नसतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला मागे ठेवून केलेली सहल शाळेची कशी म्हणायची?

कवडीपाट हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी आहे. पक्षी तिथेही कमी नाहीत. नारिंगी रंगाचे चक्रवाक थंडीत लडाख-तिबेटाकडून येतात. चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, शेपूट हलवणारा धोबी, लांब तांबड्या पायांचा शेकाट्या. शेकाट्या ओळखायला दुर्बीणही लागत नाही. शिवाय जागा जवळ, म्हणून दोनदा जाता येईल. एकदा डिसेंबरात, एकदा एप्रिलच्या शेवटी. दोन्ही वेळा मोजणी केली, की कोण पाहुणा आणि कोण इथलाच, हे आपल्या वहीतूनच कळेल. लांबच्या एका फेरीत ते कळत नाही.

काही जण नाक मुरडतात, “तिथे वास येतो!” येतो, हे खरं आहे. पुणे शहराचं सांडपाणी नदीत येतं आणि पुरानंतर झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकतात. पण मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनीत जातं. म्हणजे भिगवणचे रोहित ज्या पाण्यात उभे राहतात, त्यात आपल्या नदीचं पाणी असतंच. आणि पक्षी दिसले म्हणजे नदी बरी आहे, असंही समजू नये. शेकाट्या घाण पाण्यातही चरतो. हेसुद्धा बघायला हवं.

आता तयारी. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा. म्हणून महाराष्ट्रात त्या आठवड्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हाच वर्गात चित्रांवरून पक्षी ओळखायचा सराव करावा. सहलीच्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला पोचावं. ऊन पाठीशी येईल असं बसावं. पाच-पाच जणांचे गट करावेत आणि गटाला एक वही द्यावी. वेळ, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, एवढं लिहावं. नाव येत नसेल तर चोच, पाय, रंग लिहावा. नाव नंतर गुरुजींना विचारता येतं. भडक कपडे नकोत. आरडाओरडा करायचा नाही, ढेकळं मारायची नाहीत, पक्ष्यांना शेव-चिवडा टाकायचा नाही. पाण्यात कुणी उतरायचं नाही. भाजी-भाकरी घरची, पिशवी कापडाची.

पालकांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर यावं. आजी-आजोबा आले तर फारच बरं. त्यांच्या लहानपणी नदीचं पाणी कसं होतं, काठावर कोणते पक्षी यायचे, ते त्यांनी सांगावं. आम्ही तेही वहीत लिहून घेऊ.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी