"घाबरू नकोस" म्हणू नये

आमच्या आखाडा बाळापुरात समुद्र कुठला, विहिरी तेवढ्या. पण नात मालवणला स्कूबा डायव्हिंग करायला निघाली आहे. फोनवर म्हणाली, "आजोबा, आत्तापासूनच धडधडतंय." ओठांवर आलेलं "घाबरू नकोस" मी गिळलं. लहानपणी असंच म्हणत मला विहिरीत ढकललं होतं. पोहणं आलं, पण पाण्याची धास्ती सत्तरी ओलांडली तरी गेली नाही.

माझं मत असं, की भीती दडपू नये, बोलून दाखवावी. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, आणि श्वास न रोखणं हा तर स्कूबाचा पहिला नियम. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. वर येताना छातीतली हवा पसरते, ती कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून होडीत बसल्यापासूनच सावकाश, लांब श्वास सोडावा. धडधडही कमी होते. आधी उथळ पाण्यात सराव मागावा. तरीही मन नको म्हणालं, तर खुशाल परत फिरावं. मुरलेले पाणबुडेही हा हक्क मानतात. कारण विचारत नाहीत.

नातीला एवढंच म्हणालो, "भीती वाटली की शिकवणाऱ्याला सांग. न उतरता आलीस, तरी आजोबा हसणार नाही."